परदेशातील सरकारी शाळेत इंग्रजीची नोकरी

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही उपयोगी मजकूर द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हास सुचविले. विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर बी.ए., बी.एड्. झालेली मुलेमुली आणि त्यांची वडीलधारी माणसे अधूनमधून आमच्याकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "सर, बाहेरच्या मुलखात सरकारी शाळेत इंग्रजी शिकविण्याची नोकरी मिळते म्हणतात, ते खरे काय?" खरे आहे. पण ती नोकरी ज्या वाटेने मिळते ती वाट निराळी, आणि आपली माणसे तिच्या शोधात ज्या वाटेने निघतात ती निराळी. या दोन वाटांमधल्या अंतरात कोणाची कपाशीची जमीन गहाण पडते, तर कोणाच्या आईचे दागिने जातात. म्हणून हा विषय जरा उलगडून सांगावा असे वाटले.

प्रश्न आजच इतका का निघतो, तेही उघड आहे. तेलंगणात सरकारी शिक्षकभरतीची जाहिरात २०१७ साली निघाली. त्यानंतरची मोठी भरती ११,०६२ जागांसाठी २०२४ साली झाली. मधल्या सहा-सात वर्षांत बी.एड्. होऊन बाहेर पडलेली पिढी खाजगी शाळांच्या पगारावर दिवस काढीत बसली. अशा घरात कोणी येऊन "परदेशी सरकारी शाळा, राहणे फुकट, पगार डॉलरमध्ये" असे म्हटले, की घरातील चहा त्याच्यासाठी दोनदा होतो.

सगळ्यात आधी एका शब्दाचा उलगडा करणे जरूर आहे, कारण निम्मी फसगत त्यातूनच होते. जाहिरातीत 'पब्लिक स्कूल' असे लिहिलेले असते. आपल्याकडे या नावाच्या शाळा खाजगी असतात व फी भरपूर घेतात. इंग्लंडातही ईटनसारख्या जुन्या, श्रीमंतांच्या शाळांना हेच नाव आहे. अमेरिकेत मात्र याचा अर्थ सरकारी पैशाने चालणारी, सर्वांना खुली असलेली शाळा. आखाती देशांत आपली जी माणसे 'पब्लिक स्कूल'मध्ये शिकवितात, ती बहुधा तेथील हिंदुस्थानी मुलांच्या खाजगी शाळांत शिकवितात. ती नोकरी वाईट असे आमचे म्हणणे नाही. आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरे त्यावर उभी राहिली आहेत. परंतु तेथे मालक संस्थाचालक असतो, सरकार नव्हे; पगाराची हमी, सुट्या, नोकरीची शाश्वती, सर्व काही त्या संस्थेच्या मर्जीवर. तेव्हा शाळेचे नाव ऐकून न थांबता नियुक्तिपत्रावर सही कोणाची, पगार कोणाच्या तिजोरीतून येणार, एवढे विचारावे. तेथील शिक्षण मंत्रालय किंवा शिक्षण मंडळ असे उत्तर आले, तरच ती सरकारी शाळा.

आता मुख्य गोष्ट. कोणतेही सरकार आपल्या शाळेत परका माणूस हौसेने नेमीत नाही. आपली माणसे कमी पडली, की नाइलाजाने नेमते, आणि आपली माणसे तयार झाली, की हळूहळू थांबविते. हे एकदा ध्यानात आले, की कोणता देश खरोखर बोलावील आणि कोणता केवळ दलालाच्या तोंडी बोलावतो, हे ओळखणे फारसे कठीण राहत नाही.

याला इतिहासाची साक्ष आहे. इटालियनांचा अंमल १९४१ साली संपल्यावर इथिओपियात सम्राट हैले सेलासी यांनी शाळा नव्याने उभारण्यास घेतल्या. वरच्या वर्गांचे माध्यम इंग्रजी ठरले आणि शिकविण्यास माणसे नव्हती. तेव्हा हिंदुस्थानातून, विशेषतः केरळातून, शिक्षक तेथे गेले आणि पुढची दोनतीन दशके त्या देशाच्या गावोगावच्या शाळांत हिंदुस्थानी मास्तर दिसत असे. नायजेरियात तेलाचा पैसा आला, १९७६ साली सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना निघाली, आणि तिकडेही आपल्या शिक्षकांची रीघ लागली. पुढे १९८६ नंतर तेथील नैरा हे नाणे असे घसरले, की घरी पाठवावयाच्या रकमेत काही अर्थ उरला नाही. माणसे परतली. गरज, भाषेचे माध्यम आणि चलन या तीन गोष्टींवर त्या नोकऱ्या उभ्या होत्या. आजही त्या याच तीन गोष्टींवर उभ्या आहेत.

आजच्या काळात हा मेळ सर्वांत चांगला जमतो तो मालदीवमध्ये. आपल्याकडे हा देश सिनेनटांच्या सहलींमुळे माहीत आहे. शाळांमुळे फारसा नाही, याचे आम्हास नवल वाटते. सुमारे बाराशे बेटांचा हा मुलूख; वस्ती त्यांतील दोनशेच्या आसपास बेटांवर; लोकसंख्या, तेथे राहणारे परदेशी धरूनही, पाच लाखांहून थोडीच अधिक. माले या राजधानीतील शाळांत १९६० च्या सुमारास इंग्रजी माध्यम सुरू झाले. प्रारंभी शिक्षक सिलोनमधून आणले गेले. पुढे तेच माध्यम बेटाबेटांवर पोहोचले. आज मुले शाळेच्या शेवटी केंब्रिजच्या परीक्षेस बसतात. एवढ्याशा लोकसंख्येत इतक्या विखुरलेल्या शाळांना पुरतील इतके विषयशिक्षक कोठून निघणार? काही बेटांवरील शाळेत शंभर मुलेही नसतात, पण इंग्रजीला, गणिताला, विज्ञानाला शिक्षक तर हवाच. ही उणीव अनेक वर्षे मुख्यतः हिंदुस्थानी शिक्षकांनी भरून काढली आहे.

या जागांची जाहिरात तेथील शिक्षण मंत्रालय स्वतः आपल्या संकेतस्थळावर देते. अर्ज, प्रमाणपत्रांच्या नकला, मग मुलाखत, असा साधा क्रम असतो. पदवी व अध्यापनाची पात्रता या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात आणि परदेशी पदव्यांची तुल्यता ठरविणारे तेथे स्वतंत्र प्राधिकरण आहे. म्हणजे आपल्याकडील बी.एड्. येथे खरोखर कामास येते. दूरशिक्षणाने घेतलेल्या पदवीविषयी अर्ज करण्याआधीच विचारून घ्यावे. तिकिटाचे पैसे भरल्यावर विचारू नये.

"मुसलमान मुलूख आहे, आपल्याला आधी घेतील" असे काहीजण समजतात. तसे नाही. इंग्रजीचा शिक्षक इंग्रजीवरच निवडला जातो आणि तेथे गेलेल्या हिंदुस्थानी शिक्षकांत हिंदू व ख्रिस्ती पुष्कळ आहेत. आपल्याला फायदा एवढाच, की नमाज, रोजे आणि हलाल अन्न यांची चिंता पडत नाही आणि शुक्रवारी सुटी असते; शाळा रविवार ते गुरुवार भरते. मुलींच्या बाबतीत आईबाप साशंक असतात, ते स्वाभाविक आहे. एवढे सांगू, की एकट्या स्त्रिया तेथे शिक्षिका म्हणून वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. प्रश्न अब्रूचा नसून एकटेपणाचा अधिक आहे. अर्ध्या तासात चालून संपणारे बेट, चारी बाजूंनी पाणी, हवामान बिघडले की बोट बंद, आजारी पडल्यास मोठे इस्पितळ दुसऱ्या बेटावर. पैनगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला समुद्र पहिल्या आठवड्यात सुंदर वाटतो. दुसऱ्या महिन्यात कसा वाटेल, याचा विचार निघण्यापूर्वी करावा.

वर्गातली गोष्ट मात्र अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याविषयी दलाल अवाक्षर काढीत नाही. आपल्याकडे इंग्रजी शिकविण्याची जुनी रीत भाषांतराची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या व मराठवाड्याच्या पिढ्या वाढल्या. आम्हीही त्याच रीतीने शिकलो आणि तिचे उपकार मानतो. इंग्रजी वाक्य वाचावे, मराठीत, उर्दूत किंवा तेलुगूत अर्थ सांगावा, पुढे जावे. मालदीवच्या वर्गात ही काठी हातातून जाते. मुलांची भाषा धिवेही, लिपी थाना, उजवीकडून डावीकडे लिहावयाची. आपल्याला तिच्यातील अक्षर येत नाही आणि त्यांना आपली भाषा येत नाही. तेथे इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी लागते. 'उसने घेणे' हा शब्द शिकवावयाचा तर शेजारच्या मुलाची पेन्सिल घ्यावी, लिहावे, परत द्यावी, आणि हे करताना वाक्य म्हणावे. भूतकाळ शिकवावयाचा तर काल संध्याकाळी जेटीवर काय पाहिले ते विचारावे. मुलाखतीत नमुना पाठ द्यावयास सांगतात, तो याचसाठी. व्याकरणाची व्याख्या घडाघडा म्हणणारा उमेदवार तेथे मागे पडतो आणि बी.ए.ला जेमतेम दुसरा वर्ग मिळविलेली, पण मुलांकडून बोलवून घेणारी बाई पुढे जाते.

आणि या कामात आपल्या जिल्ह्यातील शिक्षक इतरांहून कमी नाही, उलट सरस ठरण्यास कारण आहे. येथला माणूस घरी एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. बेला, जैनथकडील मराठी शाळा, शहरातील उर्दू शाळा, उटनूरच्या बाजूस गोंडी व कोलामी बोलणारी मुले, आणि सर्वांवर तेलुगू. ज्या मुलाची घरची भाषा आपल्याला येत नाही त्याला शिकविणे हा आपला रोजचा व्यवसाय आहे. याच मातीत १९४३ साली ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांनी मारलवाईस गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र काढले आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करविली; मूल जेथे उभे आहे तेथून त्याला हात धरून न्यावे, हा त्यामागचा विचार. उटनूरच्या आश्रमशाळेत पाच वर्षे काढलेल्या शिक्षकाने आपल्या अर्जात ही गोष्ट ठळकपणे लिहावी. आमच्या पाहण्यात बहुतेकजण ती लपवितात, जणू काही डोंगरात नोकरी केली हे सांगण्यात कमीपणा आहे.

पूर्वेकडील देशांचे गणित निराळे आहे. दक्षिण कोरियात सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमण्याची 'एपिक' ही योजना १९९५ पासून आहे. तिच्यात मुळात सात देशांचे नागरिक घेतात : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका. म्हणजे इंग्रजी किती चांगली येते, यापेक्षा पासपोर्ट कोणत्या रंगाचा, हे आधी पाहिले जाते. आम्हास हा न्याय पटत नाही. पण घर त्यांचे, दार त्यांचे. आपल्यासाठी मात्र एक झरोका आहे आणि तो थोड्यांनाच माहीत आहे. भारत व कोरिया यांच्यामधील आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, त्यात इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून भारतीयांना वाव ठेवला आहे. केवळ पदवी पुरत नाही. इंग्रजीच्या अध्यापनाची पात्रता लागते. वर्गात कोरियन शिक्षकाच्या जोडीने शिकवावयाचे. दार उघडे असणे म्हणजे बोलावणे येणे नव्हे, निवड शेवटी तेथील शिक्षण कार्यालयांच्या हाती. तरी इंग्रजीत बी.एड्. केलेल्या तरुणाने हा झरोका पाहून ठेवावा.

जपानची 'जेट' योजना १९८७ साली सुरू झाली. तिच्यात सहायक भाषाशिक्षक म्हणून पदवीधर घेतात, बी.एड्.ची अट नाही. करार एक वर्षाचा असून ठीक चालल्यास पाच वर्षांपर्यंत वाढतो. अर्ज आपल्या देशातील जपानी वकिलातीमार्फतच करावयाचा. कोणत्या देशांतून किती माणसे घ्यावयाची हे दरसाल ठरते, म्हणून त्या वर्षीची वकिलातीची सूचना वाचावी, मागल्या वर्षीचे ऐकीव धरून चालू नये. या योजनेसाठी कोणी मध्यस्थी फी मागत असेल, तर तेवढ्यावरूनच त्याला दारातून परत पाठवावे.

इंग्लंड-अमेरिकेची ओढ सर्वांत मोठी, आणि तेथेच गैरसमज अधिक. इंग्लंडने २०२३ साली भारतासह काही देशांतील शिक्षकांना आपली पात्रता तेथे मान्य करून घेण्याचा मार्ग खुला केला. बातमी आली तेव्हा आमच्याकडे पुष्कळ दूरध्वनी आले. पण भारतीय शिक्षकांसाठी ठेवलेले विषय होते गणित, विज्ञान आणि परकीय भाषा, तेही अकरा ते सोळा वयाच्या मुलांना शिकविण्याची पात्रता असलेल्यांसाठी. इंग्रजी त्यात नव्हती. इंग्रजांना इंग्रजी शिकविण्यास माणसे कमी पडली नाहीत, फिजिक्सला पडली, एवढाच त्याचा अर्थ. भूतानचेही तसेच. एकेकाळी तेथील शाळांत हिंदुस्थानी इंग्रजी शिक्षक होते. पण भारत सरकारच्या एड्सिल या कंपनीने २०२४ साली भूतानच्या सरकारी शाळांकरिता शंभर शिक्षकांची जाहिरात दिली, ती संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांची. ज्या घरात धाकटी भावंडे अजून कोणता विषय घ्यावा या विचारात आहेत, त्यांनी हे दोन दाखले वाचावेत.

अमेरिकेत परदेशी शिक्षक सरकारी शाळेत जातात ते पुष्कळदा शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर. किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, मुदत तीन वर्षांची असते, काही वेळा ती आणखी वाढते. कायम राहण्याचा तो रस्ता नव्हे. पण नोकरी खरी असून माणूस कसा अडकतो याचे उदाहरण तेथलेच आहे. लुइझियाना राज्यातील सरकारी शाळांसाठी २००७ पासून फिलिपाइन्समधून साडेतीनशेहून अधिक शिक्षक भरती करून नेले गेले. शाळा खऱ्या होत्या, पगार खरा होता. परंतु भरती करणाऱ्यांनी प्रत्येकाकडून सुमारे १६ हजार डॉलर उकळले आणि ते फेडण्यासाठी शिक्षक कर्जाने बांधले गेले. शेवटी ते कोर्टात गेले आणि २०१२ च्या डिसेंबरात ज्यूरीने त्यांना सुमारे ४५ लाख डॉलर भरपाई देवविली. मिळाली ती त्यांनी एकजूट केली व कागद जपून ठेवले म्हणून. आपल्याकडील माणूस पैसे देतो तेव्हा पावतीही मागत नाही. 'ओळखीचा आहे' म्हणतो.

यावरून दलालाकडे वळू. आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्यास सरकारी नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून घ्यावयाच्या फीला मर्यादा आहे : तीस हजार रुपये व त्यावरील कर. पावती देणे त्याला बंधनकारक. नोंदलेल्या संस्थांची यादी परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तेलंगण शासनाचीही टॉमकॉम ही स्वतःची भरती कंपनी हैदराबादेस आहे. इतके असूनही शिकलेला माणूस फसतो, आणि त्याचे एक विचित्र कारण आहे. दहावी उत्तीर्ण न झालेला मजूर आखाती देशांत निघाला, तर त्याच्या करारावर सरकारी उत्प्रवास अधिकारी नजर टाकतो. दहावीच्या वरच्याला सहसा त्या मंजुरीची गरज नाही, कारण तो शहाणा समजला जातो. म्हणजे गवंड्याचा करार निदान एका अधिकाऱ्याच्या टेबलावरून जातो, आणि बी.एड्. झालेल्या मुलीचा करार तिच्याशिवाय कोणीच वाचीत नाही. तिने तरी तो वाचावा.

मालदीवच्या बाबतीत एक खास सापळा आहे. तेथे हिंदुस्थानी माणसास पर्यटक म्हणून उतरण्यासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. याचा फायदा घेऊन "आधी उतरा, शाळेचे मग पाहू" असे सांगितले जाते. पर्यटक म्हणून उतरून नोकरी करणे तेथे बेकायदा आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगा असाच गेला. तीन आठवडे एका खोलीत बसून, पदरचे पैसे संपवून परत आला, आणि ज्याने पाठविले होते त्याचा दूरध्वनी त्यानंतर लागला नाही. कामाचा परवाना व नियुक्तिपत्र हातात येईपर्यंत तिकीट काढू नये. खरे सरकार घाई करीत नाही. घाई करतो तो दलाल.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण खरा वेळ तेथेच जातो, म्हणून ते जाहिरात निघण्याआधी सुरू करावे. पहिली अडचण नावाची. दहावीच्या मेमोवर आडनाव आधी आणि तेही एका अक्षराने. पदवीवर 'शेख' एका रीतीने, बी.एड्.वर दुसऱ्या रीतीने. मुलीच्या नावापुढे कोठे बेगम, कोठे बी, कोठे काहीच नाही. लग्नानंतर आधारवर तिसरेच. आपल्याकडे मुख्याध्यापक हसून सोडून देतो. परदेशी कारकून ही तीन माणसे समजतो. दहावीच्या मेमोवरील नाव हाच पाया धरून पासपोर्ट व बाकीचे दाखले त्याच्याशी जुळवून घ्यावेत. पासपोर्टसाठी आता हैदराबाद गाठण्याची गरज नाही, आदिलाबादच्या पोस्टातच सेवा केंद्र आहे. डोक्यावर ओढणी घेतलेला फोटो चालतो, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे.

दुसरी अडचण मूळ पदवीची. आपली मुले तात्पुरत्या प्रमाणपत्रावर दहा दहा वर्षे काढतात. परदेशी चालते ते काकतीय किंवा उस्मानिया विद्यापीठाचे मूळ पदवीपत्रच. ते मिळाले, की त्यावर आधी राज्य शासनाच्या नेमलेल्या खात्याचा आणि मग परराष्ट्र खात्याचा शिक्का. भारत २००५ साली हेगच्या करारात सामील झाल्यापासून, त्या करारातील देशांसाठी परराष्ट्र खात्याचा 'अपोस्टिल' नावाचा एकच शिक्का पुरतो; कोरिया व जपान त्यात आहेत. अमिरात, कुवेत यांसारख्या देशांसाठी त्यानंतर त्या देशाच्या वकिलातीची साक्षही लागते. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयातून घ्यावयाचा आणि तो फार जुना चालत नाही, म्हणून शेवटी काढावा. आय.ई.एल.टी.एस. या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरतात. मागितल्याशिवाय ती देऊन पैसे गुंतवू नयेत. घरबसल्या मिळणाऱ्या इंग्रजी अध्यापनाच्या प्रमाणपत्रांचा तर बाजारच भरला आहे. केंब्रिजच्या सेल्टा अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तासांचे पाठ घ्यावे लागतात व परीक्षक मागे बसून पाहतो. ज्या प्रमाणपत्रासाठी एकदाही वर्गात उभे राहावे लागत नाही, त्याची किंमत वाचकांनीच ठरवावी, विशेषतः बी.एड्.चे पाठ घेऊन आलेल्याने.

या सर्व खटपटीस होणारा खर्च एखाद्या दलालाच्या मागणीच्या मानाने किरकोळ असतो, परंतु गरीब घरास तोही जड जातो. ट्रस्टच्या विश्वस्तांस आमची विनंती आहे, की शिष्यवृत्तीच्या निधीतून पासपोर्ट, मूळ पदवी व शिक्के यांसाठी छोटे बिनव्याजी कर्ज द्यावे, आणि ते रोख न देता त्या त्या कार्यालयाच्या पावतीवर द्यावे.

करार हाती आला, की चार ओळी शोधाव्यात. राहण्याची जागा किंवा भाडे कोण देणार. येण्याजाण्याचे तिकीट कोणाचे. आजारपणाचा खर्च कोणाकडे. आणि मुदतीआधी नोकरी सोडल्यास काय भरावे लागेल. यांपैकी जे तोंडी सांगितले आणि लिहिले नाही, ते नाही असे समजावे. पगाराचा आकडा डॉलरमध्ये गुणून पाहण्याआधी तो प्रत्यक्ष कोणत्या नाण्यात मिळणार आणि त्यातील किती घरी पाठविता येईल हे विचारावे. मालदीवचे नाणे रुफिया. तेथे डॉलरची टंचाई असते, त्यामुळे बँका परदेशी नोकरांच्या घरी पाठवावयाच्या रकमेवर मर्यादा घालतात, आणि २०२५ साली ती मर्यादा खाली आल्याने तेथील हिंदुस्थानी शिक्षकांची मोठी अडचण झाली. नायजेरियाची गोष्ट वर सांगितली ती केवळ इतिहास म्हणून नव्हे. पगार चांगला पण हप्ता गावी फेडावयाचा, अशी ज्याची स्थिती असेल त्याने कर्ज काढून जाऊच नये.

जे आधीच सरकारी नोकरीत आहेत त्यांनी नियुक्ती अधिकाऱ्याची लेखी परवानगी व ना-हरकत दाखला घेतल्याशिवाय अर्जही करू नये. रजेवर जाऊन परदेशी रुजू झालेल्याची येथील नोकरी धोक्यात येते. खाजगी शाळेत असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी अनुभवाचा दाखला घ्यावा, त्यात वर्ग, विषय, तारखा व पूर्णवेळ हा शब्द स्पष्ट असावा. आणि परत येताना तोच दाखला तेथल्या शाळेकडून मंत्रालयाच्या शिक्क्यानिशी, बोटीत बसण्याआधी हातात घ्यावा. येथे आल्यावर पत्रे लिहून तो मागविण्यात वर्ष जाते, आणि मुख्याध्यापक बदलला असेल तर उत्तरही येत नाही.